एकसष्ट लाल शेरे: चाळिशीनंतर क्षेत्र बदलताना 'मला जमेल का?' या प्रश्नाचं काय करायचं

त्या फाइलवर एकसष्ट शेरे होते. मी मोजले. पंप बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात अठरा वर्षं काढल्यावर, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याच्या कामात शिरू पाहत होते आणि ही माझी पहिली नमुना-पुस्तिका होती. पानं कमी, शेरे जास्त. ते देणारा संपादक माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. फोनवर म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं." त्याच्या चांगुलपणानं ते जास्तच लागलं.

लॅपटॉप मिटला आणि ठरवून टाकलं, हे आपलं काम नाही. रात्री झोप येईना, तेव्हा मात्र जुनी सवय जागी झाली. कारखान्यात 'आज एकसष्ट पीस रिजेक्ट' एवढंच सांगणाऱ्या इन्स्पेक्टरला साहेब परत पाठवतात. कशामुळे रिजेक्ट? मापात चूक, ओतकामातलं छिद्र, की नुसता ओरखडा? कारणवार आकडा आल्याशिवाय कुणी लाइन बंद करत नाही. मी उठून कागद घेतला. अडतीस शेरे निव्वळ शैलीचे होते: मथळा कसा, विरामचिन्ह कुठे, 'करा' लिहायचं की 'करावे'. चौदा शेरे त्या सॉफ्टवेअरबद्दल, जे मी तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा उघडलं होतं. उरले नऊ. त्यांपैकी सात ठिकाणी मी पायऱ्या गाळल्या होत्या, कारण मला त्या इतक्या पाठ होत्या की सांगायच्या असतात हेच सुचलं नाही. दोन मात्र सरळ चुका होत्या: एक आकृती उलटी लागली होती, एक माप चुकीच्या एककात होतं. पंप कसा चालतो आणि कुठे दगा देतो, याबद्दल एकही शेरा नव्हता.

पुढे जे सांगणार आहे ते सगळं त्या रात्रीच्या कागदातून आलेलं आहे. 'मला जमेल का?' ही शंका एकगठ्ठा येते, म्हणून जड वाटते. तिची वर्गवारी केली की बहुतेक तुकडे साधे निघतात आणि एखाद-दुसरा खरंच गंभीर निघतो. तो गंभीर तुकडा सापडणं हाच या खटाटोपाचा फायदा. शंका आधी घालवायची आणि मग पाऊल उचलायचं, या क्रमाची वाट पाहू नका. माझ्या बाबतीत तरी तो क्रम कधीच आला नाही.

आधी एका शब्दाबद्दल

हल्ली कुणाला काही येईनासं वाटलं की लगेच 'इम्पोस्टर सिंड्रोम' हे लेबल लागतं. पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली ही कल्पना मांडली, तेव्हा 'सिंड्रोम' हा शब्द त्यांनी वापरलाच नव्हता. आणि त्या बोलत होत्या कर्तबगार स्त्रियांबद्दल: पदव्या, पदं, मान सगळं असूनही 'आपण लोकांना फसवतोय' असं मनातून वाटणाऱ्या.

क्षेत्र बदलणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला काही गोष्टी खरोखरच येत नसतात. नवशिकं असणं म्हणजे तोतया असणं नव्हे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण उपाय बदलतो. तोतयेपणाच्या भावनेला स्वतःच्या कामाचे पुरावे दाखवावे लागतात. नवशिकेपणाला शिकावं लागतं. शिकायचं सोडून आरशासमोर उभं राहून 'मी समर्थ आहे' म्हणत राहिलात, तर शंका ऐकणार नाही आणि तिचंच बरोबर असेल.

पायरी १: सात दिवस शंका जशीच्या तशी लिहा

एक वही ठेवा. मनात शंका आली की ती ज्या शब्दांत आली त्याच शब्दांत लिहा. सभ्य करू नका. 'तांत्रिक कौशल्यांत कमतरता जाणवते' असं मनात कुणीच म्हणत नाही. मनात येतं, 'त्या पोरांसमोर माझं हसं होईल.' तेच लिहा. शेजारी वेळ टाका आणि शंका येण्याच्या जरा आधी काय चाललं होतं तेही. वेळेचं महत्त्व मला चौथ्या दिवशी कळलं. माझ्या सर्वांत भयाण शंका रात्री अकरानंतरच्या किंवा एका विशिष्ट मैत्रिणीशी बोलून झाल्यावरच्या होत्या.

लिहिण्यानं होतं काय? मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये नोकरी गेलेल्या अनुभवी इंजिनिअरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटानं ओळीनं पाच दिवस रोज वीस मिनिटं नोकरी जाण्याबद्दलचे विचार आणि भावना लिहिल्या. त्यांना इतरांपेक्षा लवकर नवं काम मिळालं. गंमत म्हणजे त्यांनी जास्त अर्ज केले नव्हते की जास्त फोनही केले नव्हते. प्रयोग लहान होता, त्यामुळे वहीला मंत्र समजू नका. पण मनातला राग आणि अपमान कागदावर उतरवून मुलाखतीला गेलेला माणूस वेगळा बोलतो, एवढं मी स्वतःवरून सांगू शकते.

पायरी २: वर्गवारी

आठव्या दिवशी वही उघडा आणि प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करा. माझे ढीग हे होते, तुमचे थोडे वेगळे असतील.

माहितीची शंका: 'या क्षेत्रात माझ्या वयाचं कुणी घेतात का?' याचं उत्तर बाहेर कुठेतरी आहे, तुमच्या डोक्यात नाही. कितीही विचार केला तरी ते डोक्यात सापडणार नाही.

कौशल्याची शंका: 'मला ते सॉफ्टवेअर येत नाही.' ही तक्रार नाही, अभ्यासक्रम आहे.

पैशाची शंका: 'हप्ते कसे भरणार?'

लोकांची शंका: 'मॅनेजर होती, आता शिकाऊ झाली म्हणतील.'

ओळखीची शंका: 'मग मी नक्की कोण?' ही सगळ्यांत खोल असते आणि बहुतेकदा बाकीच्यांच्या आड लपते. अठरा वर्षं कुणी विचारलं की 'क्वालिटीला आहे' असं एका श्वासात सांगायची सवय होती. ते वाक्य गेलं की जिभेवर काही येतच नाही. याला तोड म्हणून घाईनं नवं वाक्य शोधू नका. वर्षभर अर्धवट वाक्यावर भागवावं लागतं.

शरीराची शंका: झोप नाही, जेवणाचा पत्ता नाही, अशा वेळी आलेली कुठलीही. तिच्यावर निर्णय घ्यायचा नाही. सकाळी पुन्हा वाचायची.

आणि शेवटचा ढीग, ज्याबद्दल फार कुणी बोलत नाही: बरोबर असलेली शंका. 'मला हे काम हवं आहे की फक्त सध्याच्या साहेबापासून सुटका हवी आहे?' हा प्रश्न वहीत तीनदा आला असेल तर थांबा. स्वतःला विचारा, उद्या साहेब बदलला, पगार तोच राहिला, तरी मी जाईन का? उत्तर 'नाही' असेल तर तुम्हाला क्षेत्र नाही, नोकरी बदलायची आहे. ते खूपच सोपं काम आहे आणि त्यात कमीपणाही नाही.

ढीग मोजा. माझ्या वहीत 'माझ्यात कुवत नाही' अशा अर्थाची बावीस वाक्यं होती. नीट वाचली तर त्यांतली निम्म्याहून जास्त पैशाची किंवा लोकांची निघाली. पैशाची भीती कुवतीच्या शंकेचे कपडे घालून येते. म्हणून पुढची पायरी आधी.

पायरी ३: महिने मोजा

'पैशाचं बघू' ही मनाची स्थिती आहे. 'साडेनऊ महिने' हा आकडा आहे, आणि आकड्याची भीती मोजून-मापून वाटते.

मागच्या बारा महिन्यांचं बँकेचं आणि कार्डाचं स्टेटमेंट काढा. महिन्याचा नेहमीचा खर्च काढा. मग वर्षातून एकदा-दोनदाच येणारे खर्च (विम्याचे हप्ते, फी, दुरुस्त्या, लग्नकार्य, प्रवास) एकत्र करून बारानं भागा आणि त्यात मिळवा. हे लोक हमखास विसरतात. समजा नेहमीचा खर्च १०० आहे आणि वर्षभरातले फुटकळ खर्च २४०. म्हणजे महिन्याला खरा खर्च १२०. सहज मोकळा होणारा पैसा १,५०० असेल, तर त्यातून तीन महिन्यांचे ३६० आजारपणासाठी बाजूला. उरले ११४०. भागिले १२०: साडेनऊ महिने. आता अर्धवेळ कामातून महिन्याला ४० जरी येणार असतील, तर खड्डा ८० चाच राहतो आणि तोच पैसा चौदा महिन्यांवर जातो. म्हणूनच सगळं सोडून उडी मारण्यापेक्षा थोडं उत्पन्न चालू ठेवून केलेला बदल शंकेलाही परवडतो.

दोन गोष्टी तपासल्याशिवाय राजीनामा लिहू नका. कंपनीकडून मिळणारा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो का, आणि संपत असेल तर स्वतःचा विमा कधीपासून लागू होईल? निवृत्तीसाठीची रक्कम या हिशेबात धरायची नाही; ती मोडायची वेळ आली तर तो वेगळा निर्णय, वेगळ्या दिवशी, शांतपणे घ्यायचा.

मग थांबण्याची रेषा लिहा. 'शिल्लक चार महिन्यांवर आली आणि तोवर नव्या क्षेत्रातलं एकही पैशाचं काम मिळालं नसेल, तर मी जुन्या क्षेत्रात नोकरी शोधायला लागेन.' असं तारीख घालून, सही करून. रेषा आखली की मन रोज नव्यानं तोच वाद घालत बसत नाही. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं होतं की मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याचं दुःख माणसाला मोठं वाटतं. आपलं मन या तागडीत आधीच खोट घेऊन बसलेलं असतं. लिहिलेली रेषा ती खोट थोडी भरून काढते.

पायरी ४: वयाच्या शंकेचे दोन भाग करा

'या वयात शिकता येत नाही' आणि 'या वयात कुणी घेत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. लोक ती एका श्वासात म्हणतात.

पहिल्याबद्दल. जोशुआ हार्टशोर्न आणि लॉरा जर्मिन यांनी २०१५ मध्ये हजारो लोकांच्या चाचण्यांवरून दाखवलं की बुद्धीची सगळी अंगं एकाच वयात शिखरावर नसतात. माहितीवर झटपट प्रक्रिया करण्याचा वेग विशीच्या आसपासच उतरायला लागतो. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्याची क्षमता मात्र चाळिशी-पन्नाशीत सर्वांत चांगली असते, आणि शब्दसंपदा त्याच्याही पुढे वाढत राहते. म्हणजे वर्गातल्या चोविशीच्या मुलीनं बटणं कुठे आहेत ते आधी शोधलं तर ती हुशार आणि तुम्ही मठ्ठ असं नाही. ग्राहक 'ठीक आहे' म्हणतोय पण त्याला ठीक वाटत नाहीये, हे बहुधा तुम्हाला आधी कळेल.

वेग कमी झाला आहे हे मान्य करून अभ्यासाची पद्धत बदला. व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहणं, नोट्सवर रंगीत पेन फिरवणं यानं 'समजलं' असं वाटतं, लक्षात राहत नाही. पान मिटून आठवेल तेवढं लिहायचं, मग उघडून ताडून पाहायचं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात आठवड्यानंतर हीच पद्धत नुसत्या पुन्हा वाचण्यापेक्षा सरस ठरली. मी त्या सॉफ्टवेअरसाठी रोज सकाळी पंचवीस मिनिटं एवढंच केलं: काल केलेली एक गोष्ट सूचना न पाहता पुन्हा करायची. पहिला आठवडा लाज आणणारा होता.

दुसऱ्या वाक्याबद्दल खोटा दिलासा देणार नाही. वय पाहून बाजूला सारणारे लोक आहेत. काही अर्जांना उत्तरच येणार नाही आणि कारण कधी कळणार नाही. त्या दारावर डोकं आपटण्यापेक्षा जिथे तुमच्या वयाचा उपयोग आहे ते दार शोधा. अमेरिकेतल्या नव्या कंपन्यांचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अतिशय वेगानं वाढलेल्या, हजारात एक म्हणाव्या अशा कंपन्यांच्या संस्थापकांचं कंपनी काढतानाचं सरासरी वय ४५ होतं. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की त्याच उद्योगात आधी काम केलेल्यांना यश जास्त मिळालं. या दुसऱ्या अर्ध्याकडे लक्ष द्या. काम बदला, पण जमल्यास उद्योग तोच ठेवा. मी लेखनात आले, पण पंपांच्या लेखनात. एकाच वेळी कामही नवं, उद्योगही नवा आणि माणसंही नवी, असा बदल होतो. पण त्याला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतं.

पायरी ५: जुनं काम क्रियापदांत लिहा

'अठरा वर्षांचा क्वालिटीचा अनुभव' या वाक्याचा नव्या क्षेत्रात कुणालाच उपयोग नाही. पदं उचलून नेता येत नाहीत, क्रिया नेता येतात.

दहा प्रसंग आठवा. मोठेच हवेत असं नाही. प्रत्येकाबद्दल तीन ओळी: काय अडलं होतं, मी स्वतः काय केलं ('आम्ही' नाही), आणि त्यानं काय बदललं. माझा एक प्रसंग असा: रात्रपाळीतले नवे ऑपरेटर एक चाचणी सतत चुकीची करत. बेचाळीस पानांची कार्यपद्धती होती, ती कुणी वाचत नव्हतं. मी मशिनला चिकटवायचा एक पानाचा तक्ता केला, चित्रांसह. चुका थांबल्या असं नाही, पण चाचणीसाठी रात्री मला येणारे फोन थांबले.

हे करताना मला लेखनात जायचं मनातही नव्हतं. पण तो तक्ता म्हणजे तेच काम होतं. तुमच्या दहापैकी दोन-तीन प्रसंगांत नवं काम आधीच लपलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. माणूस सहसा हवेतून दिशा निवडत नाही.

मग हव्या त्या कामाच्या पंधरा जाहिराती काढा. त्यांत वारंवार येणाऱ्या गरजा एका कागदावर लिहा आणि प्रत्येकीसमोर एक प्रसंग ठेवा. ज्यांच्यासमोर काहीच ठेवता येत नाही ती तुमची शिकायची यादी. माझी यादी चार ओळींची निघाली. मनात ती चाळीस ओळींची होती.

पायरी ६: छोट्या लॉटनं चाचणी

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या.

अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये 'हे काम मला जमेल' हा विश्वास कुठून येतो याचे चार स्रोत सांगितले: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते जमताना पाहणं, कुणी दिलेला धीर, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत पहिला सर्वांत बळकट. आपण मात्र उलट करतो. आधी लोकांकडून धीर गोळा करत फिरतो, प्रेरणादायी भाषणं ऐकतो, आणि प्रत्यक्ष करून पाहणं 'तयारी झाल्यावर' म्हणून पुढे ढकलतो. धीर दोन दिवस टिकतो. केलेलं काम टिकतं, अगदी वाईट केलेलंही, कारण त्यावर शेरे मिळतात.

कारखान्यात नवं डिझाइन आलं की थेट दहा हजार नग कुणी काढत नाही. आधी पाच, मग पन्नास. तसंच इथे.

पहिली चाचणी दोन तासांची, बिनपैशाची, कुणाला न दाखवता. शिक्षिका व्हायचंय? शेजारच्या मुलाला एक धडा शिकवा. समुपदेशनात जायचंय? फुकट असलेला एखादा प्रास्ताविक पाठ पूर्ण करा आणि गृहपाठ खरंच करा. यात पाहायचं एकच: दोन तासांनी घड्याळाकडे किती वेळा पाहिलं?

दुसरी चाचणी एका शनिवार-रविवारची, आणि तिचा शेवट दुसऱ्याला दाखवता येईल अशा वस्तूत झाला पाहिजे. पुस्तिकेची चार पानं, एक हिशेब, एक आराखडा, एक तासिका.

तिसरी, सहा ते आठ आठवड्यांची, खऱ्या माणसासाठी आणि शक्यतो पैसे घेऊन. थोडे का होईना. फुकट कामावर लोक 'छान' म्हणतात. पैसे दिले की शेरे देतात. नोकरी चालू असताना हे करणार असाल तर नेमणूकपत्रातलं बाहेरच्या कामाबद्दलचं कलम आधी वाचा. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसची वेळ, ऑफिसची माहिती यांना हात लावू नका.

डॉ. श्रीराम लागू १९६९ साली, बेचाळिशीच्या उंबऱ्यावर, पूर्णवेळ रंगभूमीवर आले, तोवर ते कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. ही गोष्ट आपल्याकडे धाडसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. धाडस होतंच. पण कॉलेजच्या दिवसांपासून वर्षानुवर्षं ते हौशी नाटकं करत होते, हा भाग सांगताना गळतो. त्या उडीमागे कितीतरी छोट्या लॉटच्या चाचण्या होत्या. कुवतीच्या बाबतीत त्यांच्याशी स्वतःची तुलना कुणी करू नये. पद्धत मात्र उचलावी.

चाचणी ठरवताना 'वेळ मिळेल तेव्हा' असं लिहू नका. पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनातून आलेली 'जर-तर'ची युक्ती खरंच चालते: 'जर मंगळवारी रात्रीची आवराआवर झाली, तर मी टेबलाशी बसून फाइल उघडेन.' शंकेसाठीही तसंच वाक्य करा. माझं होतं: 'जर सोडून द्यावंसं वाटलं, तर मी आधी शेरे मोजेन.'

पायरी ७: लांबच्या ओळखीच्या माणसांना विचारा

जवळची माणसं तुमच्यावर प्रेम करतात, म्हणूनच या बाबतीत त्यांचा सल्ला अर्धाच उपयोगी. त्यांना तुम्ही जशा आहात तशाच माहीत आहात. आणि त्यांना माहीत असलेल्या नोकऱ्या बहुतेक तुम्हालाही माहीत असतात.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी नोकरी बदललेल्या लोकांना, ती कुणाकडून कळली आणि त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटायचात, असं विचारलं होतं. १९७३ च्या त्यांच्या निबंधात, ओळखीतून काम मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ते वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून मिळालं होतं. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. जुने सहकारी, कुणाच्या तरी भावाचा मित्र, एका प्रशिक्षणात शेजारी बसलेली बाई.

मला संकोच होता तो पहिला निरोप लिहिण्याचा. शेवटी हा पाठवला:

"नमस्कार, आपण सहा वर्षांपूर्वी पुरवठादारांच्या बैठकीत भेटलो होतो. मी आता माहितीपुस्तिकांच्या लेखनाकडे वळायचा विचार करते आहे. नोकरी मागत नाहीये. तुमचं रोजचं काम कसं असतं हे समजून घ्यायला वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? या किंवा पुढच्या आठवड्यात, तुमच्या सोयीनं."

सहा जणांना पाठवला, चौघांनी फोन केला. 'नोकरी मागत नाहीये' हे वाक्य काम करतं, पण ते खरं असलं पाहिजे. बोलताना शेवटी मागितलीत तर पुन्हा ते फोन उचलणार नाहीत.

विचारायचं काय? 'हे क्षेत्र कसं आहे?' विचारलंत तर भाषण मिळेल. त्याऐवजी: 'काल दिवसभरात काय काय केलंत?' 'यातलं कंटाळवाणं काय?' 'माझ्यासारखी व्यक्ती घ्यायची झाली तर तुम्हाला भीती कशाची वाटेल?' शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण उत्तर सोन्यासारखं असतं. मला एकानं स्पष्ट सांगितलं, "तुम्ही तरुण संपादकाचं ऐकाल की नाही, याची." ही शंका माझ्या वहीत नव्हतीच.

पायरी ८: घरी बोलणं

इथे लांबण लावत नाही, कारण प्रत्येक घर वेगळं. स्वप्न सांगायच्या आधी कागद दाखवा: महिने, थांबण्याची रेषा, चाचण्यांच्या तारखा. माझ्या नवऱ्यानं पहिला प्रश्न विचारला, "आणि नाही जमलं तर?" मला तो अविश्वास वाटला होता. कागद पुढे केल्यावर कळलं, त्याला फक्त उत्तर हवं होतं. ज्यांचा तुमच्या खर्चाशी संबंध नाही, त्या नातेवाइकांना चाचण्या संपेपर्यंत काही सांगण्याची गरज नाही. 'सध्या एक कोर्स करतेय' एवढं पुरतं.

मुलाखतीतला तो प्रश्न

'या वयात का बदलताय?' हा येणारच. जुन्या कंपनीची तक्रार नको, 'आवड होती' एवढंही पुरेसं नाही. तीन वाक्यं तयार ठेवा: जुन्या कामातला कुठला भाग नव्या कामाशी जोडलेला आहे, गेल्या काही महिन्यांत काय करून पाहिलं, आणि अजून काय येत नाही. तिसरं वाक्य स्वतःहून म्हणा. मी म्हणाले, "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी अजून सावकाश आहे. साधी पुस्तिका करायला मला आत्ता सहा दिवस लागतात, दोन महिन्यांपूर्वी अकरा लागत होते." समोरच्या बाईंनी आकडे लिहून घेतले.

पायरी ९: काम मिळाल्यावरचे पहिले तीन महिने

शंका इथे संपेल असं वाटतं. उलट इथेच ती पुन्हा उसळते. आता पैसे घेता आहात आणि कामं चुकत आहेत. प्रश्नांची वही ठेवा, दिवसभरातले प्रश्न गोळा करून एकदाच विचारा. वयानं लहान वरिष्ठाला 'सर' म्हणायचं की नावानं हाक मारायची, हे त्यालाच पहिल्या दिवशी विचारून टाका. दोघांचीही सुटका होते. आणि 'आमच्याकडे असं करायचे' हे वाक्य तीन महिने तोंडातून काढू नका. मी सहाव्या दिवशी काढलं होतं. खोलीतली शांतता अजून आठवते.

महिन्यातून एकदा शेऱ्यांची वर्गवारी पुन्हा करा. एकूण आकड्याकडे पाहू नका, ढीग कुठून कुठे सरकले ते पाहा. शैलीचे शेरे कमी होत जातील. तसे झाले नाहीत, सहा महिन्यांनंतरही तेच शेरे त्याच ढिगात येत राहिले, तर ती नुसती शंका राहत नाही, ती मोजून आलेली गोष्ट होते आणि थांबण्याच्या रेषेचा कागद काढायची वेळ येते. मागे फिरणं म्हणजे तुमची किंमत घटली असा अर्थ होत नाही. माझ्याबरोबर शिकायला असलेला एक जण सात महिन्यांनी जुन्या क्षेत्रात परत गेला, आणि तिथे आता तो लेखनाचंही काम बघतो.

एक सूचना मधेच, पण महत्त्वाची. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच उदास वाटत असेल, कशातच रस नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. शेवटचं असेल तर दोन आठवडे थांबू नका, आजच जवळच्या कुणाला तरी सांगा. ते काम वर्गवारीनं होणारं नाही.

माझ्या परवाच्या फाइलवर तेवीस शेरे आले. त्यांतले सतरा एका नव्या यंत्राबद्दल होते, ज्यातलं मला काही कळत नव्हतं, आणि ते मी फाइल पाठवतानाच लिहून दिलं होतं. बाकीच्यांत एक असा होता: "मॅडम, पान नऊवरची आकृती पुन्हा उलटी लागली आहे."

पुन्हा.

मी आता पाठवण्याआधी सगळ्या आकृत्या वेगळ्या तपासते. त्यासाठी एक पानाचा तक्ता केलाय, स्क्रीनशेजारी चिकटवलेला.